लिफ्टमधली भाची

३ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

आमच्या इमारतीची नवी लिफ्ट काल दुपारी चालू झाली आणि ती तुझ्या आवाजात बोलते. ही ऐकीव बातमी नाही. लिफ्ट बसवणाऱ्या मिस्त्रीने कंपनीचा कागद काढून खात्री करून दिली. आवाज देणाऱ्या बाईंचं आडनाव आणि माझ्या दारावरच्या पाटीवरचं आडनाव एकच. मला खरं तर कागदाची गरज नव्हती. 'पहिला मजला' म्हणताना शेवटच्या 'ला'वर तू जरा रेंगाळतेस, ती सवय मीच तुला लावली. लहानपणी तुला टेबलावर उभी करून मी पाठांतर घ्यायचे आणि "शब्दाची शेपूट गिळू नकोस" म्हणून पट्टी आपटायचे. आता ती शेपूट आमच्याकडे सहा मजले वरखाली करते.

मिस्त्रीसमोर मी काही दाखवलं नाही. "बरी बोलते," एवढंच म्हटलं.

घशाच्या डॉक्टरांनी तुला कामाशिवाय बोलायला मनाई केल्यापासून तुझा आवाज ऐकला नव्हता. फोन केला की तुझा निरोप येतो, 'पत्र लिही.' मी लिहिते. निवृत्त मुख्याध्यापिकेला आपल्या अक्षराचं कौतुक असतंच. पण परक्यांशी बोलायचं आणि घरच्यांना चिठ्ठ्या पाठवायच्या, हा तुझा धंदा मला अजून नीट समजलेला नाही.

आता कामाचं. मी इमारतीच्या कमिटीची सेक्रेटरी आहे, हे तुला माहीत आहे. चौथ्या मजल्यावरचे वकील लिफ्टमधून उतरले की जाळीचा दरवाजा तसाच टाकून घरात शिरतात. लिफ्ट तिथेच अडकते. 'कृपया दरवाजा बंद करा' असं तू म्हणत राहतेस, पण ऐकायला तिथे असतं कोण? बाकीचे सगळे खाली उभे राहून शंख करतात. तेव्हा खास आमच्यासाठी पाच वाक्यं म्हणून पाठव. सुरुवात 'चौथ्या मजल्यावरील रहिवाशांनी लक्ष द्यावे' अशी. शेवट कडक हवा, पण सभ्य. वाक्यं मी लिहून देते. तुला दहा मिनिटांचं काम आहे आणि घरचंच आहे.

मला स्वतःला लिफ्ट लागत नाही. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या बाईने लिफ्ट वापरणं हा शुद्ध आळस आहे.

तुझी,
आत्या

९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र कपाटात बसून वाचलं. थट्टा नाही. माझा स्टुडिओ म्हणजे झोपायच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट. आत सगळीकडे गोधड्या टांगल्यात, एक स्टूल आहे, एक माइक आहे. दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही, फक्त वरच्यांचं ड्रिल येतं. रेडिओची नोकरी सोडताना तू विचारलं होतंस, "स्वतंत्र काम म्हणजे नक्की कुठे बसणार?" तर इथे.

लिफ्टचं ऐकून मजा वाटली. पण पाच वाक्यं मी करणार नाही, आत्या. रागावू नकोस, आधी कारण ऐक. मी कामाचे नियम लिहून काढलेत. तो कागद सगळ्या गिऱ्हाइकांना जातो, तुलाही जोडला आहे. दुरुस्त्या दोनदाच. नमुना फुकट नाही. संध्याकाळी सातनंतर काम नाही. 'दहा मिनिटांचं काम' आणि 'घरचंच आहे' ही दोन वाक्यं तर त्या कागदावर शब्दशः आहेत, कारण ती मला आठवड्याला कुणी ना कुणी ऐकवतंच. मागे मामेभावाने लग्नाच्या आमंत्रणाला आवाज मागितला. तो दिला, तर त्याच्या सासऱ्यांना त्यांच्या दुकानासाठीही हवा झाला. मी नाही म्हटलं. सासरे अजून बोलत नाहीत. मीही बोलत नसल्याने तिकडे फारसा फरक पडलेला नाही.

सगळ्यात वरचा नियम असा की मी जे म्हणेन ते त्या जागी खरं असलं पाहिजे. मी 'चौथा मजला' म्हटलं की दाराबाहेर चौथा मजलाच असतो. लोक जाळीतून बघायचंही सोडून देतात. केस उगवणाऱ्या तेलाला मी नकार दिला तो यासाठीच. आणि तुझं 'रहिवाशांनी लक्ष द्यावे' म्हणजे एका घराला सगळ्यांसमोर माझ्या तोंडून टोमणा. तो तुला मारायचा असेल तर तूच मार. तुझाही आवाज काही कमी नाही.

एक मोठी कंपनी आली होती. काही आठवडे बसून मी हजारो वाक्यं वाचायची. मग त्यांचं मशीन माझ्या आवाजात हवं ते बोलू शकेल. आलेले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आवाज तुमचाच, फक्त तुम्हाला यायचा त्रास नाही." मी विचारलं, मशीन काय बोलणार ते मला आधी दाखवाल का? ते इतकं गोड हसले की मी पुढे काही विचारलं नाही. त्या कामातून खरीखुरी खोली घेता आली असती, भिंतींना कापूस लावलेली. मी त्यांना नाही सांगितलं.

तब्येतीला जप.

तुझी,
टिटवी

१४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

तुझा नियमांचा कागद मिळाला. शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत, दोन लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवत आहे. दुरुस्त्या दोनदाच असा नियम असल्याने तिसरी चूक तशीच ठेवली आहे.

मी रागावलेली नाही. ज्या बाईने तुझी जीभ वळवली तिला गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं केलंस, याचं मला काहीही वाटलेलं नाही. मी स्वतः तत्त्वाची आहे. सगळ्या नोकरीत मी एकही खाजगी शिकवणी घेतली नाही. अध्यक्षांचा मुलगा गणितात नापास झाला तेव्हा त्याला नापासच केलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, घरचाच मुलगा आहे." मी म्हटलं, "म्हणूनच त्याला गणित आलं पाहिजे." तेव्हा मला तत्त्वं शिकवू नकोस. ती तू उचललीस कुठून, एवढंच लक्षात असू दे.

त्या मोठ्या कंपनीला नकार दिलास हे उत्तम केलंस. वाचून माझा संताप झाला. माणसाच्या तोंडात त्याला न विचारता दुसऱ्याने शब्द घालायचे, ही चोरी नाही तर काय? पाकीट मारणारा निदान पाकीट घेऊन पळतो. हे लोक तुझा गळा घेऊन पळणार आणि वर म्हणणार, तुम्हाला यायचा त्रास नाही! माझ्या शाळेत कुणी दुसऱ्याच्या आवाजात हजेरी दिली असती तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. तो गृहस्थ पुन्हा आला तर माझा पत्ता दे.

आमच्या चौथ्या मजल्याचं म्हणशील तर तुझ्यावाचून काही अडलं नाही. मिस्त्री हुशार आहे. त्याच्या मदतीने सोय झाली आणि तुला तोंडही उघडावं लागलं नाही. परवापासून वकील दरवाजा लावू लागले आहेत.

तुझी,
आत्या

२१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

तुझ्या पत्राने किती बरं वाटलं ते कसं सांगू! टोमणे वगळून सांगते. मला वाटलं होतं, तू महिनाभर अबोला धरशील. तू मात्र माझा नकार समजून घेतलास आणि मिस्त्रीकडून दुसरी सोय करून घेतलीस. पाटी लावली असशील. तुझ्या अक्षरातली पाटी वाचून वकीलच काय, कुणीही दरवाजा लावेल. मी माझ्या मैत्रिणीला (ती पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि सगळ्या चुलतभावंडांच्या बाळांचीही, फुकट) तुझंच उदाहरण दिलं. म्हटलं, घरच्यांना एकदा स्पष्ट सांगून बघ, माझ्या आत्याला कळलं तर कुणालाही कळेल.

मोठ्या कंपनीचे गृहस्थ पुन्हा येऊन गेले. या वेळी फुलं घेऊन. म्हणाले, "तुम्ही नाही म्हणाल, तर दुसरी कुणीतरी हो म्हणेल." हे मला पटलं नाही, पण डोक्यातून जातही नाही. वरच्यांचं ड्रिल तीन दिवस चालू आहे. मी गोधड्यांत बसून 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणायचा प्रयत्न करते आणि मधेच भिंत घुरघुरते. असल्या वेळी कापूस लावलेली खोली डोळ्यांसमोर येते. असो.

लिफ्टवाल्यांनी पुढच्या वर्षीही माझाच आवाज ठेवायचं ठरवलंय. तेवढं एक काम पक्कं असलं की बाकीच्यांना नाही म्हणायला जोर येतो.

तुझी,
टिटवी

४ मार्च

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

पत्र लहान आहे. इमारतीत एक किरकोळ गैरसमज झाला, तो मिटेल. वकील जरा तापट आहेत. तुझ्याकडे त्यांच्याकडून काही कागद आला तर तो पूर्ण वाचायची गरज नाही. वकिलांच्या पत्रात मुद्दा पहिल्या परिच्छेदात असतो, पुढे सवय असते.

मैत्रिणीला माझं उदाहरण तूर्त देऊ नकोस.

तुझी,
आत्या

६ मार्च

प्रति,
व्यवस्थापक, लिफ्ट कंपनी
(प्रत: आवाज देणाऱ्या बाई)

महोदय,

आपण आमच्या इमारतीत बसवलेली लिफ्ट गेल्या काही आठवड्यांपासून चौथ्या मजल्यावर थांबताच, म्हणजे कोणी दरवाजाला हात लावण्यापूर्वीच, पुढील उद्गार काढते: 'चौथा मजला. कृपया दरवाजा बंद करा. कृपया दरवाजा बंद करा.' इतर कोणत्याही मजल्यावर ती असे बोलत नाही. चौकशी करता आपल्या मिस्त्रीने सांगितले की मूळ वाक्ये सुटी होती. ती जोडून घेण्याची कल्पना आमच्या कमिटीच्या सेक्रेटरीबाईंची.

माझ्या आईचे वय ऐंशीच्या पुढे आहे. नजर अधू आहे आणि स्वभाव आज्ञाधारक आहे. गेल्या गुरुवारी त्या खालच्या बाकावर बसून घरी परतत होत्या. चौथ्या मजल्यावर त्यांनी दरवाजा अर्धा उघडेपर्यंत लिफ्ट त्यांना तो बंद करायला सांगत होती. त्यांनी तो बंद केला. कोणीतरी वरून लिफ्ट बोलावली. त्या वर गेल्या, पुन्हा चौथ्याचे बटण दाबले, पुन्हा तीच सूचना, पुन्हा तेच. मध्ये आत आलेल्या प्रत्येकाला त्यांनी नमस्कार केला आणि आपली अडचण कोणाला सांगितली नाही, कारण त्यांच्या मते अडचण नव्हतीच. त्यांचे शब्द असे: "ती मुलगी लावायला सांगते आहे, काहीतरी कारण असेल." त्यांची जवळजवळ सबंध दुपार लिफ्टमध्ये गेली. औषधाची वेळ टळली. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

त्या सापडल्या त्या सेक्रेटरीबाईंनाच. त्याचेही कारण नोंदवतो. सेक्रेटरीबाई पहिल्या मजल्यावर राहतात. असे असता त्या रोज दुपारी कोणतेही काम नसताना लिफ्टने सहाव्या मजल्यापर्यंत जातात आणि परत खाली येतात, हे अनेक रहिवाशांनी पाहिले आहे. सामायिक विजेचा हा अपव्यय आहे. लिफ्ट बोलली की त्या तिला उत्तर देतात, असेही माझ्या आई सांगतात.

सदर आवाज तात्काळ काढून टाकावा आणि घडल्या प्रकारास आवाज देणाऱ्या बाईंची संमती होती किंवा कसे, याचा महिनाअखेर खुलासा करावा. अन्यथा पुढील कार्यवाही करावी लागेल.

आपला,
चौथा मजला

१० मार्च

ती. आत्यास,
सा. न.

वकिलांचं पत्र मी पूर्ण वाचलं.

लिफ्ट कंपनीच्या व्यवस्थापकांचाही फोन आला. मी फोनवर बोलत नाही हे ते विसरले होते आणि मीही विसरले. म्हणाले, "तुम्हाला विचारून झालं का हे?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग आम्ही आवाजाची भानगडच ठेवत नाही, सगळीकडे नुसती घंटी बसवतो. घंटीच्या कुणी तक्रारी करत नाही." महिनाअखेर ते ठरवणार आहेत. घंटी ठरली तर माझं एकमेव पक्कं काम गेलं, आत्या. मग केसांच्या तेलाला नाही म्हणायला मी कोणाच्या जिवावर उभी राहू?

चौदा तारखेच्या पत्रात तू लिहिलंस की माणसाच्या तोंडात न विचारता शब्द घालणं म्हणजे चोरी. त्याच पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, सोय झाली. दोन्ही वाक्यं तुझ्याच अक्षरातली आहेत, मधे शाईसुद्धा बदललेली नाही. मी मात्र पाटी समजून बसले. तुला दाद दिली. मैत्रिणीला सांगितलं.

तू म्हणशील, वाक्यं तर तुझीच होती, शब्द एकही बदलला नाही. बरोबर आहे. पण 'दरवाजा बंद करा' हे मी दरवाजा उघडा राहिला तर म्हणायला म्हटलं होतं. उतरणाऱ्या माणसाला तेच ऐकवलं की तो उतरत नाही. त्या आजींनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी त्यांना घरी जाऊ दिलं नाही. माफी मी मागायची, कारण आवाज माझा. आणि केलं तू. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

आता माझंही एक ऐक. मोठ्या कंपनीला नाही सांगितलं असं मी तुला लिहिलं होतं. सांगितलं नव्हतं. करार कपाटात गोधडीखाली होता आणि सही सोडून सगळं भरून तयार होता. तुला तत्त्वं ऐकवायची आणि रात्री त्या गोधडीकडे बघत बसायचं, असं चाललं होतं. वकिलांचं पत्र आलं त्या दिवशी खरोखर नाही सांगितलं. तुझ्याकडे माझी मोजकी वाक्यं होती आणि माझ्यावर प्रेम होतं, तरी हे झालं. त्यांच्याकडे हजारो वाक्यं असणार होती आणि प्रेम नसणार होतं.

यापुढे माझ्या आवाजाचं काहीही करायचं झालं तर आधी मला विचारायचं. भाची म्हणून विचारू नकोस, भाचीला गृहीत धरायची तुला सवय आहे. कुणी परकी बाई असावी तसं विचार. हे लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाहीये, पण खोडणार नाही.

आणि एक प्रश्न. दुपारी लिफ्टने तू कुठे जातेस?

टिटवी

१६ मार्च

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी उत्तर लिहायला बसले आणि कागद फाडला. दुसऱ्या दिवशीही फाडला. मुख्याध्यापकांना माफीनामे वाचायची सवय असते, लिहायची नसते. तेव्हा सरळ लिहिते. माझं चुकलं. ती वाक्यं माझी नव्हती. तुला टेबलावर उभी मी केली, पण उतरलीस तू स्वतः, आणि त्याला बरीच वर्षं झाली.

जोडकाम मिस्त्रीने काढलं. त्याला बोलू नकोस, मीच त्याच्या मागे लागले होते. कंपनीने निर्णय होईपर्यंत आवाजही बंद ठेवला आहे. लिफ्ट सध्या मुकी आहे.

काल चौथ्या मजल्यावर गेले. जिन्याने. दार वकिलांनी उघडलं. म्हणाले, "आपण? लिफ्टने आलात का?" मी म्हटलं, "वीज वाचवत आहे." आत आजी खुर्चीत बसल्या होत्या. मी माफी मागितली, तुझ्या वतीने नाही, माझ्याच. त्या म्हणाल्या, "अहो, पण तिला काढलीत कशाला? गुणाची मुलगी होती. ह्या घरात मला 'कृपया' कोण म्हणतं? आई ऊठ, आई बस, आई गोळी घे." वकील खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हटलं, "दुपारभर तुम्हाला अडकवलं तिने." तर म्हणतात, "तिने कुठे? तिला कुणीतरी सांगितलं असेल तसं म्हणायला. गरीब बिचारी, नोकरीच तिची ती."

मग वकिलांनी लिफ्ट कंपनीशी झालेल्या तुझ्या कराराबद्दल विचारलं. मला माहीत होतं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे वाक्य जोडायचं, तोडायचं, भलत्या ठिकाणी लावायचं तर तिची लेखी परवानगी लागेल, असं एक ओळीचं कलमसुद्धा नाही? करार केला कोणी?" मी म्हटलं, "तिनेच." "दिसतंच आहे," म्हणाले. तुझा नियमांचा कागद माझ्या पर्समध्ये होता, तो दाखवला. त्यांनी तो लक्ष देऊन वाचला आणि म्हणाले, "हे सगळं गिऱ्हाइकाने कसं वागावं याबद्दल आहे. नाही वागला तर काय, ते कुठे लिहिलंय?" माणूस तापट आहे, पण बिनडोक नाही. कलम लिहून द्यायला तयार आहेत. कंपनीने ते मान्य केलं तर तक्रार मागे घेणार आहेत. शेजार म्हणून फुकट करतो म्हणाले.

तुझा प्रश्न राहिला. दुपारी मी लिफ्टची तपासणी करते. सेक्रेटरीचं ते कर्तव्य आहे.

तुझी,
आत्या

२३ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

वकीलसाहेबांना सांग, फुकट नको. त्यांनी रीतसर बिल पाठवावं. त्यांच्याकडेही दिवसातून चार माणसं जिन्यात गाठून 'एकच प्रश्न विचारायचाय' म्हणत असणार. मी पाचवी होणार नाही.

त्यांनी लिहिलेलं कलम मी कंपनीला पाठवलं. व्यवस्थापक आधी कुरकुरले, मग वकिलांचं जुनं पत्र त्यांनी परत एकदा वाचलं असावं, कारण काल होकार आला. आवाज राहणार. मी अख्खं म्हटलेलं वाक्यच वाजवायचं, तेही ठरलेल्या जागी. नवं काही हवं असेल तर मला विचारून, मी म्हणून दिल्यावर. कपाटात एकटीने नाचता येत नाही, जागा नाही. स्टुलावरून पडले.

व्यवस्थापकांना मीच एक सुचवलं. तुमच्या चौथ्या मजल्यासाठी आजींच्या सोयीचं एक वाक्य करावं. कमिटीने रीतसर मागणी करायची, वाक्य सेक्रेटरींनी लिहून पाठवायचं आणि सेक्रेटरींना दुरुस्त्या दोनदाच मिळतील.

आता लिफ्टच्या तपासणीबद्दल. डॉक्टरांनी मला बोलायला मनाई केली होती ती थोड्याच आठवड्यांसाठी, आत्या. तो काळ केव्हाच संपला. पुढे मीच त्याचा नियम केला. त्यामुळे फोन बंद झाले, लग्नाची आमंत्रणं बंद झाली, मामेभावाचे सासरे बंद झाले. इतकी शांतता मिळाली की मला वाटलं, आपल्याला फार छान सीमा आखता येतात. सगळ्यांना एकच दार लावलं. लावताना कोण कुठे राहिलं ते पाहिलंच नाही. तू मला ऐकायला दुपारी सहाव्या मजल्यापर्यंत जात होतीस आणि मी इकडे कपाटात बसून अनोळखी लोकांना सांगत होते की त्यांचा कॉल महत्त्वाचा आहे.

नियमांचा कागद मी रद्द करत नाहीये. फक्त त्याला घरच्यांसाठी एक वेगळा नियम जोडतेय. येत्या रविवारी संध्याकाळी चार वाजता मी तुझ्याकडे येते. बोलायला. काही आणू नकोस, करू नकोस, वाक्यं लिहून ठेवू नकोस.

तुझी,
टिटवी

२८ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी ध्वनिफीत, का काय म्हणता ती, काल कंपनीकडून मिस्त्रीकडे पोचली. त्याने स्वतः येऊन तसं सांगितलं. उद्या सकाळी तो ती लिफ्टमध्ये घालणार आहे.

वाक्यावर कमिटीत रण माजलं. माझा पहिला मसुदा तू लांब म्हणून परत पाठवलास, तो मान्य. 'चौथा मजला. दरवाजा उघडून सावकाश उतरा.' हे ठरलं. त्यात मी पहिली दुरुस्ती केली, 'कृपया' घातलं. ते आजींच्या आग्रहाने. दुसरी दुरुस्ती करून ते 'सावकाश'च्या आधी आणलं. मग सहाव्या मजल्यावरच्यांनी विचारलं, आम्ही काय धावत उतरायचं? आम्हालाही 'कृपया' हवं. मी त्यांना सांगितलं की दुरुस्त्या संपल्या. नव्या मागणीसाठी नवा अर्ज करा, बाईंचे नियम कडक आहेत. हे सांगताना मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही. तिसरी दुरुस्ती माझ्याही मनात होती. ती गिळली.

वकीलसाहेबांनी बिल दिलं आहे. तुला फुकट नको हे ऐकून ते आधी दुखावले, मग मला म्हणाले, "बाई, माझ्या भाच्यालाही जरा असं शिकवता येईल का?" मी म्हटलं, मी शिकवण्या घेत नाही.

उद्या सकाळी मिस्त्रीचं काम झालं की पहिली फेरी आजींची. मी त्यांच्याबरोबर आत असणार नाही, चौथ्या मजल्यावर जाळीबाहेर उभी राहीन. त्या नीट उतरल्या की माझं लिफ्टमधलं काम संपलं. दुपारच्या तपासण्या मी बंद केल्या आहेत, तशी नोंद कमिटीच्या वहीत केली आहे.

मग रविवार. तू म्हणालीस तसं काही केलेलं नाही. फक्त दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आहेत आणि रेडिओ कपाटात टाकला आहे. घसा दुखायला लागला की सांग, मी बोलेन. माझा आवाजही काही कमी नाही, हे तूच लिहिलं आहेस.

चारला ये. लिफ्ट घेऊ नकोस, एकच मजला आहे. दारावरची घंटी वाजवू नकोस, बाहेरून हाक मार. 'पहिला मजला' एवढं सोडून काहीही म्हण.

तुझी,
आत्या